मॅकवर विंडोजचे रेसिंग सिम्युलेटर : आधी खेळ, मग सॉफ्टवेअर, शेवटी स्टीअरिंग

माझ्या भुसावळच्या भाच्याने दहावीनंतर डिझाइन शिकण्यासाठी एम-१ प्रोसेसरचा मॅकबुक एअर घेतला आणि पहिल्याच सुट्टीत मला विचारले, "मामा, यावर असेटो कोर्सा चालेल का?" असेटो कोर्सा हा विंडोजसाठीचा मोटारशर्यतीचा सिम्युलेटर. प्रश्न साधा होता, पण त्याचे प्रामाणिक उत्तर देण्यासाठी मला बरेच आठवडे प्रयोग करावे लागले. त्या प्रयोगांतून ठरलेला क्रम या लेखात मांडला आहे. मॅकवर विंडोजचा रेसिंग सिम्युलेटर चालवताना पैसे आणि वेळ वाया जातात ते बहुतेक वेळा क्रम उलटा झाल्यामुळे. लोक आधी स्टीअरिंग व्हील घेतात, मग खेळ विकत घेतात आणि तो चालतो की नाही हे सगळ्यांत शेवटी पाहतात. म्हणून आधी खेळाची तपासणी, मग सॉफ्टवेअरची मांडणी आणि सगळ्यांत शेवटी स्टीअरिंग हा क्रम मोडू नये, अशी माझी पहिली आणि आग्रहाची सूचना आहे.

खेळ थेट का चालत नाही

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये ॲपलने एम-१ चिप आणली आणि मॅकचा प्रोसेसर इंटेलच्या घराण्यातून एआरएम घराण्यात गेला. त्याआधीच्या इंटेल मॅकमध्ये बूट कॅम्पच्या साहाय्याने संगणक सरळ विंडोजमध्ये सुरू करता येत असे. नव्या मॅकमध्ये ती सोय नाही. त्यामुळे विंडोजसाठी लिहिलेल्या खेळाला आता तीन वेगवेगळे दुभाषी लागतात आणि कोणता दुभाषी कोठे बसतो हे समजले, तर पुढची प्रत्येक अडचण ओळखणे सोपे जाते.

पहिला दुभाषी रोझेटा. खेळातील इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठीच्या आज्ञा तो ॲपलच्या प्रोसेसरला समजतील अशा करतो. दुसरा वाइन. १९९३ पासून विकसित होत आलेला हा मुक्त प्रकल्प विंडोजची नक्कल करणारा संगणक उभा करत नाही. खेळ विंडोजकडे जी मागणी करतो (फाइल उघड, खिडकी दाखव, आवाज वाजव) ती तो मॅकओएसकडून पूर्ण करून घेतो. तिसरा दुभाषी चित्रांचा. खेळ डायरेक्टएक्स या विंडोजच्या चित्रव्यवस्थेच्या भाषेत बोलतो आणि मॅकचा ग्राफिक्स भाग मेटलच्या भाषेत. २०२३ च्या जूनमध्ये ॲपलने गेम पोर्टिंग टूलकिट जाहीर केले. त्यातील डी३डीमेटल हा भाग डायरेक्टएक्स ११ आणि १२ यांचे मेटलमध्ये रूपांतर करतो. तोपर्यंत मॅकवर डायरेक्टएक्स १२ चे खेळ चालवणे जवळजवळ अशक्य होते, ही कोंडी या टूलकिटमुळे बरीच फुटली.

हे तिन्ही भाग स्वतः जुळवत बसण्याऐवजी कोडवीव्हर्स या कंपनीचे क्रॉसओव्हर हे सशुल्क सॉफ्टवेअर घ्यावे, असे माझे मत आहे. याच कामासाठी व्हिस्की नावाचे मोफत ॲप लोकप्रिय होते; पण २०२५ मध्ये त्याचा विकास थांबला. जुन्या व्हिडिओंत अजूनही तेच सुचवलेले दिसते, म्हणून हा उल्लेख केला.

पहिली पायरी : खेळाला तीन प्रश्न विचारा

पहिला प्रश्न अँटी-चीटचा आहे आणि तोच निर्णायक आहे. ऑनलाइन शर्यतीत लबाडी होऊ नये म्हणून काही खेळ विंडोजच्या गाभ्यात शिरून पहारा देणारा प्रोग्राम बसवतात. वाइनमध्ये विंडोजचा गाभाच नसल्यामुळे हा पहारेकरी उभा राहू शकत नाही आणि खेळ सुरू होण्यास नकार देतो. आयरेसिंग हा ऑनलाइन शर्यतींचा सिम्युलेटर ईझी अँटी-चीट वापरतो आणि ईए स्पोर्ट्स डब्ल्यूआरसीमध्ये ईएचा स्वतःचा अँटी-चीट आहे. असे खेळ ॲपलच्या चिपवर या मार्गाने चालवण्याचा नाद सोडावा. मी स्वतः हा प्रश्न न विचारता एका ऑनलाइन सिम्युलेटरची तीन महिन्यांची वर्गणी भरली होती. मला त्यात एक फेरीही मारता आली नाही आणि पैसेही परत मिळाले नाहीत. अँटी-चीटला बगल देण्याच्या युक्त्या इंटरनेटवर सापडतील, पण त्यामुळे खाते कायमचे बंद होऊ शकते आणि इतर स्पर्धकांवरही तो अन्याय असतो. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

दुसरा प्रश्न डायरेक्टएक्सच्या आवृत्तीचा. डायरेक्टएक्स ११ वरचे खेळ सर्वांत सुरळीत चालतात आणि आपल्या सुदैवाने सिम रेसिंगमधील बरीच उत्तम कामे याच गटात आहेत : कुनोस सिमुलाझिओनी या इटालियन कंपनीचा २०१४ चा असेटो कोर्सा, त्याच कंपनीचा २०१९ चा असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने आणि राइझाचा ऑटोमोबिलिस्टा २. डायरेक्टएक्स १२ चे खेळ डी३डीमेटलवर चालू शकतात, पण त्यासाठी चिप अधिक ताकदीची असावी लागते. काही नव्या खेळांना प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स नावाच्या आज्ञा लागतात. रोझेटाला त्या मॅकओएस १५ पासून समजू लागल्या, त्यामुळे त्याहून जुन्या मॅकओएसवर असा खेळ सुरू होताक्षणीच बंद पडतो आणि कारणही सांगत नाही.

तिसरा प्रश्न मॅकसाठीची मूळ आवृत्ती आहे का, हा. फेरल इंटरॲक्टिव्ह या कंपनीने २०१७ मध्ये डर्ट रॅली मॅकवर आणला होता. हवा तो खेळ असा मुळातूनच मॅकसाठी उपलब्ध असेल, तर पुढची सगळी खटपट वाचते.

उत्तरे शोधताना कोडवीव्हर्सच्या संकेतस्थळावरील सुसंगततेची यादी पाहावी. प्रोटॉनडीबी या प्रसिद्ध यादीवर मात्र मॅकसाठी विसंबू नये, कारण तिच्यातील अनुभव लिनक्सचे असतात. लिनक्सवर काही अँटी-चीट चालतात, ग्राफिक्सचा रस्ता वेगळा असतो आणि तेथील "उत्तम" हा शेरा मॅकला लागू होईलच असे नाही.

दुसरी पायरी : आपल्या मॅकची कुवत ओळखा

ॲपलच्या चिपमध्ये मेमरी प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांच्यात सामायिक असते. ८ जीबीच्या मॅकमध्ये मॅकओएस, तीन दुभाषी, विंडोजचा स्टीम (खेळ विकत घेण्याचे आणि उतरवण्याचे ऑनलाइन दुकान) आणि खेळाचे पोत (गाड्या-रस्त्यांवर चढवलेली चित्रे) या सगळ्यांना तेवढ्यातच भागवावे लागते. असेटो कोर्सा त्यात बसतो, परंतु वीस गाड्यांची शर्यत लावली की धक्के जाणवू लागतात. नवा मॅक घ्यायचाच असेल तर १६ जीबीहून कमी घेऊ नये. २०२४ च्या अखेरीपासून मॅकबुक एअर आणि मॅक मिनी यांच्या प्राथमिक आवृत्त्यांतही १६ जीबी मिळते, त्यामुळे हा निर्णय आता सोपा झाला आहे.

साठवणुकीचा हिशोबही आधी करावा. असेटो कोर्सासाठी १५ जीबी आणि कॉम्पेटिझिओनेसाठी ५० जीबी जागा लागते, असे त्यांच्या किमान गरजांत दिलेले आहे; अतिरिक्त ट्रॅक आणि गाड्या घातल्यावर पहिला आकडा कितीतरी वाढतो. २५६ जीबीच्या मॅकवर बाहेरची एसएसडी वापरावी आणि ती एपीएफएस या मॅकच्या पद्धतीने फॉरमॅट करावी. क्रॉसओव्हरच्या बॉटलमधल्या (म्हणजे बंदिस्त विंडोज कप्प्यातल्या) स्टीमला मॅकची संपूर्ण डिस्क 'झेड' या अक्षराने दिसते. तिच्यातील व्हॉल्यूम्स फोल्डरमध्ये ही एसएसडी सापडते आणि तेथे स्टीमची नवी लायब्ररी करता येते.

आता उष्णता. ॲपल मॅकबुकसाठी १० ते ३५ अंश सेल्सिअस एवढे भोवतालचे तापमान योग्य मानते. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ३५ अंशांखाली येणे कठीण असते. मॅकबुक एअरला पंखा नाही. त्यामुळे पहिल्या काही फेऱ्या उत्तम जातात, मग चिप तापते, स्वतःचा वेग कमी करते आणि चित्र अडखळू लागते. भाच्याला आधी वाटले की खेळच बिघडला; प्रत्यक्षात तोच खेळ पहाटे सहा वाजता अर्धा तास न अडखळता चालत होता. खानदेशात एअरवर खेळणाऱ्यांनी उन्हाळ्यात सकाळची किंवा रात्री उशिराची वेळ धरावी, लॅपटॉप गादीवर न ठेवता उंच जाळीदार स्टँडवर ठेवावा आणि खोलीत कूलर असला तरी त्याची ओलसर हवा थेट यंत्रावर सोडू नये. मॅक मिनी किंवा मॅकबुक प्रोमध्ये पंखा असल्यामुळे हा त्रास बराच कमी होतो.

तिसरी पायरी : क्रॉसओव्हर आणि चौदा दिवसांची चाचणी

क्रॉसओव्हर १४ दिवस विनामूल्य वापरून पाहता येते. स्टीमवर घेतलेला खेळ खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल, तर परत करता येतो. या दोन मुदती एकाच दिवशी सुरू होतील अशी व्यवस्था केली, तर एक रुपयाही न गमावता संपूर्ण खात्री करून घेता येते. मात्र दोन तासांत मेनूमध्ये घालवलेला वेळही मोजला जातो, हे ध्यानात ठेवावे. म्हणूनच खालील मांडणी खेळ विकत घेण्यापूर्वी पूर्ण करावी.

क्रॉसओव्हर कोडवीव्हर्सच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवावे आणि ॲप्लिकेशन्स फोल्डरमध्ये टाकावे. पहिल्यांदा उघडताना मॅकओएस रोझेटा बसवण्याची परवानगी मागेल, ती द्यावी. त्यानंतर 'इन्स्टॉल' भागात स्टीम शोधून ते बसवावे. क्रॉसओव्हर त्यासाठी आपोआप एक 'बॉटल' तयार करते. बॉटल म्हणजे विंडोजच्या सी ड्राइव्हची आणि रजिस्ट्रीची एक स्वतंत्र, बंदिस्त प्रत. एका बॉटलमध्ये केलेला बदल दुसरीला बाधत नाही, म्हणून प्रत्येक सिम्युलेटरसाठी वेगळी बॉटल ठेवावी. जागा थोडी जास्त जाते, पण एका खेळासाठी घातलेली दुरुस्ती दुसऱ्याला मोडत नाही.

येथे एक गफलत वारंवार होते. मॅकचे स्वतःचे स्टीम आधीपासून बसवलेले असेल, तर लोक त्यातच विंडोजचा खेळ शोधतात आणि इन्स्टॉलचे बटण न दिसल्याने थांबतात. बॉटलमधले विंडोजचे स्टीम हे वेगळे आहे. खाते तेच असले तरी खेळ त्याच्यातूनच उतरवायचा असतो.

बॉटलच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्ससाठी काही पर्याय दिसतात. डी३डीमेटल हा ॲपलचा मार्ग. त्यासाठी ॲपलची चिप आणि मॅकओएस १४ किंवा त्यापुढील आवृत्ती लागते. डीएक्सएमटी हा डायरेक्टएक्स ११ चे थेट मेटलमध्ये रूपांतर करतो, तर डीएक्सव्हीके आधी व्हल्कनमध्ये आणि तेथून मेटलमध्ये, असा दोन टप्प्यांचा रस्ता घेतो. सुरुवात स्वयंचलित पर्यायाने करावी; काळा पडदा, गायब रस्ता किंवा झगमगणारे डाग दिसले तरच डायरेक्टएक्स ११ च्या खेळासाठी एकेक पर्याय बदलून पाहावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत नोंदवावी, नाहीतर कशाने फरक पडला हे कळत नाही. एमसिंक (खेळाच्या समांतर कामांचा ताळमेळ वेगाने घालणारी सोय) चालू ठेवावे आणि हाय रेझोल्यूशन मोड बंद ठेवावा.

शेवटच्या सूचनेचे कारण आकड्यांत आहे. १३ इंची एम-१ एअरचा पडदा २५६० बाय १६०० बिंदूंचा आहे. त्यावर खेळ १४४० बाय ९०० मध्ये चालवला, तर ग्राफिक्सला एक-तृतीयांशाहून कमी बिंदू रंगवावे लागतात. शर्यतीत डोळे समोरच्या वळणावर असतात. थोडी कमी धार चालते, पण अडखळणे चालत नाही.

असेटो कोर्सा : एका खेळाची पूर्ण मांडणी

या खेळावर थोडे अधिक लिहितो, कारण मॅकवर सुरुवात करण्यासाठी यापेक्षा योग्य सिम्युलेटर मला माहीत नाही. त्याचे मोटारभौतिकी (गाडीच्या हालचालीचे गणित) आजही विश्वासार्ह आहे आणि मोन्झा व इमोला यांसारखे लेझरने मोजून घेतलेले ट्रॅक मूळ खेळातच येतात.

मूळ लाँचर (खेळ सुरू करणारा प्रोग्राम) वाइनमध्ये कधीकधी रुसतो. बहुतेक खेळाडू त्याऐवजी कंटेंट मॅनेजर हा स्वतंत्र प्रोग्राम वापरतात. तो चालण्यासाठी त्याच बॉटलमध्ये मायक्रोसॉफ्टचे डॉटनेट फ्रेमवर्क (४.७ किंवा ४.८) आणि कोअर फॉन्ट्स आधी बसवावेत. दोन्ही क्रॉसओव्हरच्या इन्स्टॉल यादीत मिळतात. फॉन्ट नसतील तर अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात.

पाऊस, रात्र आणि सुधारित प्रकाश हवा असल्यास कस्टम शेडर्स पॅच घालता येतो. त्याची 'डीराइट' नावाची डीएलएल फाइल खेळाच्या फोल्डरमध्ये बसते. परंतु त्याच नावाची फाइल वाइनकडे स्वतःची असते आणि वाइन तीच वापरते. परिणामी पॅच बसवूनही काहीच बदलत नाही. त्यावर उपाय असा : बॉटलचे वाइन कॉन्फिगरेशन उघडावे, लायब्ररीज भागात डीराइटची नोंद घालावी आणि तिचा क्रम 'नेटिव्ह, मग बिल्टइन' असा ठेवावा. या एका नोंदीअभावी माझे तीन रविवार गेले. पॅच मात्र पहिल्याच दिवशी घालू नये. मूळ खेळ नीट चालल्याची खात्री झाल्यावरच घालावा.

चाचणीसाठी मोन्झा घ्यावा. त्याची फेरी ५.७९३ किलोमीटरची आहे आणि लांब सरळ रस्त्यानंतर लगेच घट्ट शिकेन (लागोपाठची उलटसुलट वळणे) येत असल्याने वेग, ब्रेक आणि गाड्यांची गर्दी या तिन्हींची परीक्षा एका फेरीत होते. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतील झटके मोजू नयेत, कारण त्या वेळी शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) पहिल्यांदाच रूपांतरित होत असतात. त्यानंतर एकट्याने पाच फेऱ्या माराव्यात, मग दहा गाड्यांबरोबर. असेटो कोर्सा मोटारीचे भौतिकी सेकंदाला ३३३ वेळा मोजतो आणि हे काम ग्राफिक्सचे नसून प्रोसेसरचे आहे. शिवाय ते रोझेटामधून जाते. त्यामुळे पडद्यावर सीपीयू ऑक्युपन्सीची (प्रोसेसरवर ताण आल्याची) सूचना झळकली, तर चित्राचा दर्जा कमी करून उपयोग होत नाही, प्रतिस्पर्धी गाड्या कमी कराव्या लागतात. सूचना नसतानाही फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रे) घसरत असतील, तर आधी आरशांचे रेझोल्यूशन, मग प्रतिबिंबे आणि मग सावल्या कमी कराव्यात. फ्रेम ६० वर बांधून टाकाव्यात. क्षणात ९० आणि क्षणात ५० होण्यापेक्षा स्थिर ६० वर ब्रेकचा बिंदू अचूक सापडतो आणि यंत्रही कमी तापते.

चौथी पायरी : कंट्रोलर आणि स्टीअरिंग

येथे अपेक्षा स्पष्ट ठेवल्या पाहिजेत. एक्सबॉक्सचा किंवा प्लेस्टेशनचा ब्लूटूथ कंट्रोलर मॅकओएसला थेट ओळखता येतो, आणि क्रॉसओव्हरमधील खेळालाही तो सहसा सहज मिळतो. स्टीअरिंग व्हीलचे तसे नाही. व्हीलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात : आपण किती फिरवले आणि पेडल किती दाबले ही माहिती संगणकाकडे जाते, आणि टायरची पकड, रस्त्याचे खड्डे, कर्बचा (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्याचा) थरकाप ही माहिती फोर्स फीडबॅक म्हणून परत हाताकडे येते. मॅकवर पहिली गोष्ट बहुधा जमते, दुसरी व्हीलच्या मॉडेलवर अवलंबून राहते. बहुतांश डायरेक्ट-ड्राइव्ह (मोटरवर थेट बसवलेल्या) व्हीलचे नियंत्रण करणारे सॉफ्टवेअर विंडोजसाठीच असते. म्हणून केवळ मॅकवर खेळण्यासाठी महागडे व्हील घेऊ नये. आधी मित्राचे लॉजिटेक जी-२९ सारखे सर्वपरिचित व्हील मागून आणावे आणि आपल्याच मॅकवर पाहावे.

जोडण्याचा क्रम असा ठेवावा. जी-२९ वरील स्विच पीएस-३ वर ठेवावा. ॲडॉप्टर आणि यूएसबी लावल्यावर व्हील स्वतः एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरून मध्य शोधते. ते पूर्ण होईपर्यंत हात लावू नये. त्यानंतरच बॉटल आणि स्टीम सुरू करावे, कारण खेळ चालू असताना जोडलेले व्हील पुष्कळदा ओळखले जात नाही. बॉटलच्या कंट्रोल पॅनेलमधील गेम कंट्रोलर्स उघडून व्हील आणि तिन्ही पेडलांच्या रेषा वेगवेगळ्या हलतात का, हे पाहावे.

भाच्याने पहिल्यांदा व्हील लावले तेव्हा तो अहिराणीत ओरडला, "मामा, हाई गाडी वळतच नही ना!" दोष गाडीचा नव्हता. जी-२९ ची फिरण्याची मर्यादा ९०० अंश आहे, पण योग्य ड्रायव्हरने जागे केले नाही तर ते जुन्या व्हीलचे सोंग घेऊन केवळ २०० अंशांपुरते काम करते. खेळाला मात्र ९०० सांगितलेले असते. व्हील आणि खेळ या दोहोंतील अंश एकच असले पाहिजेत. व्हील ९०० वर जात नसेल, तर खेळातील आकडा व्हीलप्रमाणे खाली आणावा. पकड तेवढी नाजूक राहणार नाही, पण गाडी सरळ तरी धावेल. फोर्स फीडबॅक येत असेल तर गेन (बलाचे प्रमाण) ५० टक्क्यांपासून सुरू करून हळूहळू वाढवावा. बल उलट दिशेने येत असेल, म्हणजे व्हील मध्याकडे येण्याऐवजी टोकाकडे खेचले जात असेल, तर खेळातील फोर्सचा इन्व्हर्ट पर्याय वापरावा आणि तोपर्यंत अंगठे आऱ्यांमध्ये घालू नयेत.

विजेचा मुद्दा आपल्याकडे वेगळा काढावाच लागतो. वीज गेली तरी मॅकबुक बॅटरीवर चालत राहतो, पण व्हीलचा ॲडॉप्टर बंद पडतो. बल एकदम नाहीसे होते आणि वीज परत येताच व्हील हातातच स्वतःला फिरवून मध्य शोधू लागते. व्हील आणि राऊटर दोन्ही यूपीएसवर ठेवावेत. ऑनलाइन शर्यतीत आपल्यामुळे मागच्याची गाडी आदळणार नाही.

इतर मार्ग, थोडक्यात

पॅरलल्समध्ये एआरएमसाठीचे विंडोज ११ चालते आणि मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये त्याला अधिकृत मान्यताही दिली. परंतु तेथे डायरेक्टएक्स १२ नाही, मेमरी दोन ऑपरेटिंग सिस्टिममध्ये वाटली जाते आणि इंटेलसाठी लिहिलेले गाभ्यातील ड्रायव्हर एआरएम विंडोजमध्ये चालत नाहीत, त्यामुळे व्हीलचा प्रश्न तसाच राहतो. जुन्या, साध्या सिम्युलेटरसाठी हा मार्ग ठीक आहे. इंटेल मॅक असेल तर बूट कॅम्पमध्ये विंडोज १० बसवता येते आणि व्हीलही पूर्ण क्षमतेने चालते. मात्र विंडोज १० चा पाठिंबा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आहे, म्हणून त्या विंडोजमध्ये बँकेची कामे करू नयेत. ज्यांना आयरेसिंगच खेळायचा आहे, त्यांनी वापरलेला विंडोज संगणक घेऊन व्हील त्यालाच जोडावे. मॅकशी झगडण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

अपडेट करण्यापूर्वी

रोझेटा मॅकओएस २७ पर्यंत पूर्णपणे उपलब्ध राहील आणि त्यानंतर जुन्या खेळांसाठी त्याचा काही भागच ठेवला जाईल, असे ॲपलने २०२५ मध्ये सांगितले आहे. आपली सगळी मांडणी या एका दुभाष्यावर उभी असल्यामुळे मॅकओएसची मोठी आवृत्ती आल्याबरोबर लगेच घेऊ नये. क्रॉसओव्हरची तिला जुळणारी आवृत्ती येईपर्यंत थांबावे. खेळ नीट चालू लागला की त्याच दिवशी बॉटलवर उजवे क्लिक करून ती आर्काइव्ह म्हणून निर्यात करावी आणि बाहेरच्या डिस्कवर ठेवावी. खेळ त्या बॉटलमध्ये असेल तर ही फाइल बरीच मोठी होते. तो वेगळ्या एसएसडीवरील स्टीम लायब्ररीत असेल तर फाइल आटोपशीर राहते. असेटो कोर्साच्या कंट्रोलची मांडणी आणि फेऱ्यांच्या वेळा डॉक्युमेंट्समधील असेटो कोर्सा फोल्डरमध्ये असतात, आणि क्रॉसओव्हर हा फोल्डर बॉटलऐवजी सहसा मॅकच्या स्वतःच्या डॉक्युमेंट्सशी जोडते. म्हणून त्याची प्रत वेगळी काढून ठेवावी.